तोंडाने दिलेली मुलगी

नवरोजच्या तेराव्या दिवशी घरात बसायचं नाही, दिवस उंबऱ्याबाहेर काढायचा, हे साऱ्या इस्फहानला ठाऊक असतं, आणि त्यासाठी सारं इस्फहान नाझवानच्या बागेतच येतं. म्हणून सियामक पहाटेच येऊन, दोन चिनारांना दोरी बांधून, जागा धरून बसला होता. आईला सावली हवी, आईला नदी दिसायला हवी, आईला शेजारी मोठ्याने गाणी लावणारे लोक नकोत. नदी दिसत होती. तिच्यात पाणी नव्हतं, पण तेवढा एक दोष सियामकच्या हातातला नव्हता, नाहीतर आईसाठी त्याने तोही दूर केला असता.

ऊन वर आल्यावर त्याची बायको तहमीने दोन मुलींना आणि सासूला घेऊन पोचली. सासू, म्हणजे कोकबखानूम, गालिच्याच्या मधोमध तक्क्याला टेकून बसल्या. तहमीनेने पहाटेपासून राबून केलेली आश, म्हणजे दाट सूप, पातेल्यासकट गोधडीत गुंडाळून आणली होती. कोकबखानूमनी पातेल्याचं झाकण उचलून शेवयांचा आणि पालेभाज्यांचा वास घेतला आणि वरचा पुदिना जळलाय म्हणून सांगितलं.

"हो आई, तुमच्या हातची सर कुठून येणार," तहमीने म्हणाली.

पुदिना जळला नव्हता. पण नऊ वर्षं एकाच घरात सासूबरोबर काढलेली बाई पुदिन्यासाठी भांडत नाही. ती असलं उत्तर देते आणि वाट्या मांडायला घेते. नणंद महलका, नवऱ्याला सोडून आलेली आणि शाळेत गणित शिकवणारी, सॅलडच्या पानाचं टोक मधाच्या सिरक्यात बुडवून खात होती. ती भावजयीकडे बघून नुसती हसली. कोकबखानूमच्या घरातलं प्रेम असंच चालायचं. एक टोचायचा, दुसरा तोंड गोड करायचा, तिसरा मजा बघायचा.

मग फर्रुखची गाडी आली. फर्रुख थोरला भाऊ, तेहरानला असतो. तो आणि त्याची बायको मनीझे नवरोजच्या दुसऱ्या दिवशी येऊन गेले होते, आणि आज पुन्हा एवढा रस्ता तुडवून आले, याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मुली गाडीकडे पळाल्या. थोरली रोशनक लगेच धावत परत आली आणि म्हणाली, "आई, काकूच्या गाडीत लहान मुलांची खुर्ची आहे. नवीकोरी. पोपक तिच्यात बसली सुद्धा."

अकरा वर्षं झाली मनीझेच्या लग्नाला. तहमीनेने मनात म्हटलं, देवा, शेवटी दिलंस का तिला? आणि ती हात पुसत, खऱ्या आनंदाने, जावेला मिठी मारायला उठली.

मनीझेने मिठी मारली, दोन्ही गालांची चुंबनं घेतली, आणि हलक्या आवाजात विचारलं, "पोपकची बॅग कुठाय ग?"

"कसली बॅग?"

"कपड्यांची. तिकडे सगळं घेतलंय मी, काही कमी नाही. फक्त ती पिवळी चादर, जिच्याशिवाय तिला झोप येत नाही म्हणालीस, ती तेवढी आठवणीने दे. आम्ही चारला निघू म्हणतोय, नंतर रस्ता तुंबतो."

तहमीने हसली. चादरीबरोबर मीही येते वहिनी, स्वयंपाकाला बाई मिळेल तुम्हाला, असं काहीतरी ती बोलली. मनीझे हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती तहमीनेचे दोन्ही हात धरून म्हणत होती की हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेव्हा तहमीनेला नवरोजचा तो दुसरा दिवस आठवला.

आमच्या लोकांना देण्याची फार हौस, निदान तोंडाने. शेजारणीने शाल छान आहे म्हटलं की शाल काढून तिच्या खांद्यावर घालायची. तिने नको नको म्हणायचं, आपण घ्याच म्हणायचं, असं दोनदा झालं की शाल परत आपल्या खांद्यावर, आणि दोघींची अब्रू शाबूत. याला आम्ही तआरोफ म्हणतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. कोणी तिसऱ्यांदाही घ्याच म्हटलं, तर मात्र ते खरं धरायचं, असाही एक अलिखित कायदा आहे. तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि आपल्या सोयीने सगळे तो विसरतात.

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला होता. चार वर्षांची पोपक मनीझेच्या मांडीवर झोपली. मनीझे म्हणाली, किती गोड आहे, मला देऊन टाक. तहमीने म्हणाली, तुमचीच आहे वहिनी, घेऊन जा. मनीझे नको म्हणाली. तहमीने पुन्हा म्हणाली. मनीझे पुन्हा नको म्हणाली. सासूच्या दोन्ही बहिणी ऐकत होत्या, सासू बघत होती, चहाचा ट्रे हातात होता, आणि तहमीनेच्या तोंडून तिसऱ्यांदाही तेच निघालं. मागून तिने चादरीचीही गोष्ट सांगितली, गंमत म्हणून. तिने ते शालीसारखंच म्हटलं होतं. पोरीला कोणी शालीसारखं उचलून नेईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"वहिनी," ती आता म्हणाली, "तुम्ही माझी चेष्टा करताय."

"मी दोनदा नको म्हटलं होतं, तहमीने."

मनीझेचा चेहरा तेव्हाच पडला. पण ती वेडी नव्हती, आणि आपल्याला कोणी वेडी समजावं हे तिला सहन होणारं नव्हतं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने आधी सासूकडे बघितलं होतं. कोकबखानूमनी डोळे मिटून मान हलवली होती आणि "मुबारक" म्हटलं होतं. तेहरानला परत गेल्यावर तिला शंका आली. तिने फर्रुखला सियामकला फोन करायला लावला, स्वतः शेजारी बसून ऐकलं. मगच खोलीला रंग दिला. मगच बालवाडीत नाव घातलं, कामावरून मोठी सुट्टी घेतली, आणि इमारतीतल्या बायकांना, ज्या इतकी वर्षं तिच्यासमोर आपल्या पोरांचं कौतुक करताना आवाज खाली आणायच्या, त्या सगळ्यांना सांगितलं. आता काय त्यांना सांगायचं? की जाऊ गंमत करत होती?

"फोन करून विचारलं आम्ही," ती म्हणाली. आवाज चढला होता. "तुझ्या नवऱ्याला विचारलं. विचार त्याला."

सियामक कबाबच्या शेगडीतल्या निखाऱ्यांना वारा घालत होता. हातातला पंखा तसाच ठेवून तो बायकोकडे बघायचं टाळत म्हणाला की धूर फार होतोय.

"सियामक, तू काय सांगितलंस दादांना?"

त्याने सांगितलं नाही. फर्रुखने सांगितलं, कारण फर्रुखलाही आता घाम फुटला होता. सियामक म्हणाला होता, दादा, तुमच्यापुढे माझं असं वेगळं काय आहे, मुलगी तुमचीच.

सियामकला वाटलं होतं दादाही रीत म्हणूनच विचारतोय. वडील गेल्यावर फर्रुखने शिक्षण सोडून नोकरी धरली ती सियामक शिकावा म्हणून, आणि या गोष्टीची आठवण फर्रुखने कधीच करून दिली नाही, कोकबखानूमनी मात्र रोज करून दिली. अशा भावाला फोनवर नाही कसं म्हणायचं? म्हणून तो हो म्हणाला, आणि बायकोला सांगायचं त्याने उद्यावर टाकलं, मग परवावर. इतक्या दिवसांत सगळं आपोआप विरून जाईल अशी त्याला खात्री होती. आयुष्यात जे जे त्याने विरून जाईल म्हणून सोडलं होतं ते ते आजवर तहमीनेने निस्तरलं होतं, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"तू माझी मुलगी फोनवर देऊन टाकलीस," तहमीने म्हणाली. ती ओरडली नाही. "आणि घरी येऊन माझ्या हातचं जेवलास."

"आधी तूच दिलीस," सियामक म्हणाला, आणि म्हटल्याक्षणी त्याला ते परत गिळावंसं वाटलं.

"ते खरं आहे," महलका म्हणाली. सगळ्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं, कारण महलका नेहमी धाकट्या भावजयीच्या बाजूची. पण तिला हिशेब चुकलेला बघवत नाही, मग तो कोणाचाही असो. "मी तिथेच होते, तहमीने. तू तीनदा म्हणालीस. मनीझेवहिनी रीतीने वागली. तिला खोटं पाडू नकोस."

तहमीनेला या एका वाक्याने जेवढं लागलं तेवढं मनीझेच्या सगळ्या बोलण्याने लागलं नव्हतं. या गालिच्यावर आपलं एकही माणूस नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

आता कोकबखानूम बोलल्या. त्या घाईने कधीच बोलत नाहीत, सगळे थकेपर्यंत थांबतात. त्या म्हणाल्या, यात आकाश कोसळण्यासारखं काय आहे? मुलगी परक्याच्या घरी चालली नाही, काकाच्या घरी चालली आहे. तुला दुसरी एक आहेच, वर अल्लाच्या कृपेने अजून होतील. फर्रुखने या घरासाठी आपलं सगळं दिलं, या घराने त्याला एक मूल देऊ नये? मलाही दिलं होतं लहानपणी. माझ्या मावशीला मूल नव्हतं, आईने मला उचलून तिच्या ओटीत घातलं. मी मेले का? चांगलं खाल्लं, चांगलं ल्याले, चांगल्या घरी पडले.

हे बोलणं कोकबखानूमनी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की मुलं ते पाठ म्हणू शकत होती. पण आज पहिल्यांदाच ते कशासाठी ऐकवलं जातंय हे महलकाच्या ध्यानात आलं. मान हलवून "मुबारक" म्हणणारी आई तिला आठवली, आणि तिचा पारा चढला.

"आई," ती म्हणाली, "हिवाळ्यात तुला ताप चढला होता तेव्हा तुझ्या उशाशी मी होते. तू रात्रभर हाका मारत होतीस. मावशीला नाही मारल्यास."

"तापात माणूस काहीही बरळतं."

"तू म्हणत होतीस, आई, मी भांडी घासीन, मला परत ने."

कोकबखानूमचा चेहरा लाल झाला. आपल्या पोटच्या मुलीने आपली लाज अशी उघड्या बागेत, लोकांच्या शेगड्यांसमोर काढावी, याचा त्यांना विलक्षण संताप आला. पण त्या संतापाखाली जे होतं ते त्यांनी साठ-सत्तर वर्षांत कोणाला दाखवलं नव्हतं, आणि आजही दाखवणार नव्हत्या. आपल्यावर जे झालं ते चांगलंच होतं, हे त्यांना कोणाकडून तरी सिद्ध करून हवं होतं. पोपककडून झालं असतं.

"तोंड आवर," त्या मुलीला म्हणाल्या. "मनीझे, मुलीला घे आणि निघा. दिलेला शब्द म्हणजे शब्द. मी बघते कोण अडवतं."

मनीझे उठली. तहमीने तिच्याआधी उठली.

गाडीपर्यंतची वाट गालिच्यांमधून जात होती. लोक बॅडमिंटन खेळत होते, कोणाची पोरं झोपाळ्यावर किंचाळत होती. तहमीने वाकडीतिकडी, कोणाच्या चहाच्या पेल्यांना ठेचाळत, अनवाणी धावली. पोपक त्या खुर्चीत पट्टा लावून बसली होती. मांडीवर नवी बाहुली होती.

"चल, उतर."

"मी नाही उतरणार. मी मनीझेकाकूकडे चाललेय. तिथे माझी खोली आहे, तिच्या भिंतीवर घुबडं आहेत."

"कोणी सांगितलं तुला?"

"काकूने. फोनवर. आजीच्या फोनवर."

म्हणजे सासूही रोज बोलत होती. तिच्याच घरात, वरच्या खोलीत बसून, तिच्याच मुलीच्या कानाला फोन लावून. तहमीनेने पट्टा सोडला. पोपकने पुन्हा धरला. तहमीनेने तिची बोटं एकेक करून सोडवली, काखेत उचललं, आणि पोर तिच्या दंडाला कडकडून चावली. चार वर्षांत ती आईला कधी चावली नव्हती. तहमीनेने तिला सोडलं नाही. ती तशीच, लाथा झाडणारी, "मनीझेकाकू" म्हणून टाहो फोडणारी मुलगी घेऊन चालत आली. कबाबाच्या सळया हातात धरून लोक बघत राहिले. त्यांना नक्की वाटलं असेल की ही बाई कोणाचं तरी पोर पळवतेय.

गालिच्यापाशी येऊन ती उभी राहिली. मुलगी काखेतच होती.

"मी देत नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशीही दिली नव्हती. ते नुसतं बोलणं होतं आणि ते मी बोलायला नको होतं, ती माझी चूक. पण मुलगी माझी आहे आणि ती माझ्याकडे राहील. यापुढे मला कोणी पुन्हा विचारायचं नाही."

कोकबखानूमच्या घरात असं सरळ वाक्य सून म्हणून आलेल्या बाईने आजवर उच्चारलं नव्हतं. त्याला पुढून-मागून काही जोडलेलं नव्हतं, ना "तुमच्या पायाशी", ना "माफ करा". सियामकने मान खाली घातली. फर्रुख नदीच्या कोरड्या पात्राकडे बघत राहिला.

"नुसतं बोलणं होतं," मनीझे सावकाश म्हणाली. "मग मला कसं कळायचं ते?"

"कळायला हवं होतं वहिनी. पोटची पोर कोणी देतं का?"

"मला मूल असतं तर कळलं असतं. असंच म्हणायचंय ना तुला?"

कोणीही दुसरं असतं तर छे छे, तसं नाही, म्हणालं असतं. तहमीनेलाही ते शब्द ओठांवर आलेले जाणवले, गोड, तयार, नऊ वर्षांच्या सवयीचे. याच शब्दांनी आपली मुलगी जवळजवळ गेली होती.

"हो," ती म्हणाली.

मनीझेने थोबाडीत बसल्यासारखा श्वास घेतला. मग तिने सासूकडे बघितलं. तहमीनेकडे नाही, सासूकडे, ज्या बाईने डोळे मिटून मान हलवली होती, जिने रोज फोन लावून दिला होता आणि प्रत्येक वेळी सांगितलं होतं की सून तयार आहे, आनंदात आहे, कपडे भरतेय. ती बराच वेळ बघत राहिली. फर्रुखने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चल म्हणाला.

कोकबखानूमना हे बघणं दिसलं नाही. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की डाव हातातून निसटतोय, आणि अशा वेळी काढायचं शस्त्र त्यांच्याकडे तयार होतं. त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या.

"मग मीही निघते फर्रुखबरोबर," त्या म्हणाल्या. "जिथे माझ्या शब्दाला किंमत नाही तिथे मी पाणी पिणार नाही. त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

हे त्या याआधीही कितीदा म्हणाल्या होत्या. त्यानंतर काय व्हायचं ते ठरलेलं होतं. सियामकने पाय धरायचे, तहमीनेने रडायचं, तुमच्याशिवाय घराला घरपण नाही म्हणायचं, आणि कोकबखानूमनी मोठ्या मनाने पुन्हा बसायचं. सियामक उठलाही. तहमीनेने त्याच्याकडे एकदाच बघितलं. तो उभा राहिला, मग हळूच शेगडीपाशी जाऊन बसला आणि पंखा हातात घेतला.

"बरं, आई," तहमीने म्हणाली. पोपकला तिने महलकाच्या हातात दिलं, टोपली उघडली आणि सासूच्या औषधांची पिशवी काढून पुढे केली. "रक्तदाबाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर आहे. बाकीचे कपडे सियामक पाठवेल."

कोकबखानूमना आपण काय ऐकलं ते कळायला एक क्षण लागला. मागे फिरायची आता सोय नव्हती, अर्धी बाग बघत होती. त्यांनी पिशवी हिसकावून घेतली, अंगभर पांघरलेली चादर डोक्यावर ओढली आणि ताठ मानेने गाडीपर्यंत चालत गेल्या. तेवढं त्यांना अजून जमत होतं.

फर्रुख गाडी सुरू करून बसला होता. मनीझे दाराशी उभी होती. तिच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, पण चेहरा घोटून पुसल्यासारखा कोरडा झाला होता. तिने सासूसाठी दार उघडलं आणि मृदू आवाजात म्हणाली, "या ना आई. आमचं भाग्य. घर तुमचंच आहे."

कोकबखानूमना बरं वाटलं. निदान ही सून रीत जाणते. आणि रीतीप्रमाणे त्या म्हणाल्या, "नको ग बाई, तुम्हाला कशाला माझा त्रास."

आता मनीझेने दुसऱ्यांदा म्हणायचं होतं. कोकबखानूम एक पाऊल पुढे टाकून थांबल्या.

"बरं आई," मनीझे म्हणाली. तिने दार लावलं, पुढे जाऊन नवऱ्याशेजारी बसली, आणि गाडी निघून गेली. औषधांची पिशवी धरून कोकबखानूम रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मागे गालिच्यावर तहमीने आश वाढत होती, आणि सगळ्यांना त्या दिसत असूनही त्यांना कोणी हाक मारली नाही.